रत्नम्माच्या पाठीवरची सावली

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा ठोकळा आहे आणि आज दुपारी मला वितळवणार आहेत. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. शिशाला वितळायची सवय असते. भट्टी पेटायला अजून थोडा अवकाश आहे, तोवर माझी गोष्ट ऐका. खरं सांगायचं तर ती माझी कमी आणि रत्नम्मा नावाच्या एका बाईची जास्त आहे.

दिसायला मी काही देखणा नाही. रंग राखाडी, आकार काजूच्या गरासारखा, उंची चार बोटं. लहान समजून कुणी एका हाताने उचलायला गेलं की त्याचा हात खाली जातो आणि मला मनातल्या मनात हसू येतं. मला दात मात्र लावू नका. मी विषारी आहे. हात लावलात तर साबणाने धुऊन टाका. स्वभावाने मी हटवादी आहे. बसवलं तिथून हलायचं नाही आणि अडवायचं ते अडवायचं, एवढंच मला येतं.

माझा पहिला जन्म उदगीरचा. निजामाच्या काळात गावात बिडाचा पाण्याचा नळ टाकला होता. एक नळ दुसऱ्यात जिथे बसतो, तिथल्या फटीत ताग ठोकून वर वितळलेलं शिसं ओतत. ते शिसं म्हणजे मी. कितीतरी वर्षं मातीखाली अंधारात बसून मी पाणी राखलं. वरून बैलगाड्या गेल्या, वराती गेल्या, राज्यसुद्धा बदललं, पण मी सांधा सोडला नाही. माझी आठवण कुणी काढत नव्हतं. मात्र नळ आला की घागरींचा आवाज नळातून माझ्यापर्यंत यायचा आणि मला बरं वाटायचं.

मग लातूर जिल्हा वेगळा झाला. नव्या कचेऱ्या आल्या, नव्या पाट्या लागल्या, जो तो नव्या जिल्ह्याचं कौतुक सांगू लागला. त्याच सुमारास पाऊस रुसला. एक वर्ष कोरडं गेलं, दुसरंही गेलं. नळाला आधी गढूळ पाणी आलं, मग नुसती हवा फुसफुसली आणि नंतर तीही थांबली. रस्ता रुंद करताना तो जुना नळ उखडला गेला आणि माझ्यासारखं सांध्यातलं शिसं भंगारात पडलं. राखणदार उरला होता, पण राखायला पाणीच नव्हतं. माझं आयुष्य इथेच संपलं, असं मला वाटलं.

भंगारातून मला वीरण्णांनी उचललं. वीरण्णा उदगीरचे ओतारी. बैलांच्या गळ्यातल्या घंटा ओतण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण त्या वर्षी चाऱ्यावाचून बैलच बाजारात निघाले होते, मग घंटा कोण घेणार? अशात लातूरच्या एका धर्मादाय दवाखान्यातून त्यांना बोलावणं आलं. तिथे नुकतंच कोबाल्टचं यंत्र बसलं होतं. लाकडाच्या नमुन्याबरहुकूम शिसं ओतून द्यायचं, असं ते काम होतं.

या यंत्राबद्दल तुम्हाला सांगायला हवं. त्यातून डोळ्यांना न दिसणारे किरण निघतात आणि ते अंगातल्या वाईट गाठी मारतात. आमच्याकडची माणसं त्याला शेक म्हणतात. पण किरणांना आपपर कळत नाही. गाठ कोणती आणि तिच्या शेजारचा चांगला अवयव कोणता, हे ते बघत नाहीत. समोर येईल त्यावर पडतात. म्हणून मध्ये कुणीतरी आडवं बसावं लागतं. यंत्राच्या तोंडाखाली प्लास्टिकची एक स्वच्छ फळी असते. त्या फळीवर शिशाचा ठोकळा पक्का बसवला की खाली माणसाच्या अंगावर त्याची सावली पडते. दिव्यापुढे हात धरला तर भिंतीवर हाताहून मोठी सावली पडते ना, तसंच. मी लहान आहे, पण माझ्या सावलीत माणसाचं अख्खं मूत्रपिंड मावायचं. ते मूत्रपिंड रत्नम्माचं होतं.

रत्नम्मा उदगीरजवळच्या एका गावच्या, पन्नाशीच्या. त्यांचे यजमान सिद्रामप्पा यांचं धान्याचं लहानसं दुकान होतं. दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा गावाने बोअरचं खारट, जड पाणी पिऊन दिवस काढले. रत्नम्मांना खड्यांचा त्रास जुनाच होता, तो वाढला. शेवटी नांदेडला त्यांचं डावं मूत्रपिंड काढावं लागलं. त्यातून उठतात न उठतात तोच पाठ धरली, पाय जड पडू लागले, चालताना तोल जाऊ लागला. तपासात कण्यात गाठ निघाली. ती कण्याच्या उजव्या अंगाला पसरली होती आणि उजवीकडेच त्यांचं उरलेलं एकुलतं मूत्रपिंड होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचं नाव तारामती. बोलणं थोडं, पण खरं. त्यांनी नवराबायकोला समोर बसवून सांगितलं, "शेक दिला नाही तर रत्नम्मांचे पाय जातील. आणि गाठीला लागतो तेवढा शेक मूत्रपिंडाला सोसत नाही. त्याच्या निम्माही सोसत नाही. ते गेलं तर दुसरं नाही."

सिद्रामप्पांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "दोन्हीच्या मधून वाट काढा बाई. तिला चालतं ठेवा अन् जितं बी ठेवा."

ती वाट म्हणजे मी होतो. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यावर कुणाचा तरी जीव सोपवला गेला आणि मला माझ्याच वजनाची भीती वाटली.

ओतण्याआधी खुणांचा दिवस झाला. रत्नम्मांच्या शिरेत रंगाचं औषध सोडलं, म्हणजे चित्रात मूत्रपिंड उठून दिसतं. मग त्यांना पालथं झोपवून चित्र घेतलं आणि पाठीवर शाईने रेघा ओढल्या. रोज त्याच रेघांवर यंत्राचा उजेड जुळवायचा, असा नेम असतो. त्या चित्रावरून माझा नमुना कापला गेला. हे सगळं शेषेरावांनी केलं. शेषेराव यंत्र चालवायचे. मूळचे नांदेडचे, हाताला अगदी नेमके आणि लाजरे. बाईमाणूस टेबलावर असली की पाठीचा लागेल तेवढाच चौकोन उघडा ठेवून बाकी सगळीकडे चादर घालायचे आणि नजर चौकोनाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत.

त्या दिवशी शेषेराव पडद्याबाहेरून म्हणाले होते, "आक्का, अंगावरचे दागिने सगळे काढून ठेवा." रत्नम्मांनी बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं, जोडवीसुद्धा काढली. एक गोष्ट काढली नाही. त्यांच्या लेखी तो दागिना नव्हताच.

रत्नम्मा लिंगायत. त्यांच्यात मूल लहान असतानाच गुरू त्याला लिंग देतात. लिंबाएवढ्या चांदीच्या डबीत ठेवून ते दोऱ्याने छातीवर धारण करायचं आणि जन्मभर उतरवायचं नाही. झोपेत नाही, दुखण्यात नाही. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, तेव्हाच तोंडात घास घालायचा. लिंग अंगावेगळं झालं की माणूस असून नसल्यासारखा, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. तेव्हा पालथं झोपताना त्यांनी डबी छातीच्या उजव्या अंगाला सरकवली आणि तिच्यावरच पडून राहिल्या. रुतत होती, पण हूं का चूं केलं नाही. डबीमुळे त्यांचं उजवं अंग जरासं उचललेलं होतं. चादरीखालचं कुणाला दिसणार? त्याच कललेल्या पाठीवर रेघा पडल्या आणि त्याच कललेल्या अंगाच्या मापाने मी ओतला गेलो.

डबी तिथेच रोज राहिली असती, तरीही काही बिघडलं नसतं. पण संध्याकाळी वॉर्डातल्या आया केवळाबाई रत्नम्मांजवळ येऊन बसल्या. मनाने चांगल्या, पण ऐकलेलं अर्धं पोटात अन् अर्धं ओठात. त्या म्हणाल्या, "भ्यायचं कामच न्हाई आक्का. किरणं पाठीतून शिरत्यात अन् छातीतून निघून जात्यात. मधी जे येईल त्येला तेवढं भाजत्यात."

रत्नम्मांना स्वतःच्या भाजण्याचं काही वाटलं नाही. किरण पाठीतून शिरून छातीखालच्या लिंगावर पडणार, या विचाराने मात्र त्यांची झोप उडाली. विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की उतरवा म्हणतील. त्यांनी आपल्या परीने तोड काढली. शेकाच्या पहिल्या दिवशी येताना डबी छातीवरून काढून डाव्या दंडाला बांधली, वर पदर घेतला आणि पालथ्या झोपल्या. आता छातीखाली काही नव्हतं. अंग सपाट टेकलं.

हे सगळं मला पुढे कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकलं, कारण त्या दिवसांत माझा जीव कसा टांगणीला लागायला हवा होता, ते तुम्हाला समजावं. मी वर फळीवर बसलेला. मला दिसायचा तो पाठीचा चौकोन आणि त्यावरच्या निळ्या रेघा. रेघा जागच्या जागी होत्या. पण ताटावरचा रुमाल तसाच राहून खालचं ताट सरकावं, तसं आतलं सगळं जरासं कलंडलं होतं. मूत्रपिंडाची कण्याकडची कड माझ्या सावलीतून बाहेर आली होती.

शेषेराव जाड दार लावून बाहेर जात. त्या दारातही शिसंच असतं, म्हणजे माझे भाऊबंदच. मग खोलीत आम्ही दोघंच उरायचो. यंत्र घरघरायचं. रत्नम्मा हळू आवाजात 'ओम नमः शिवाय' म्हणायच्या. मी हट्टाने बसून राहायचो आणि आपण या बाईला राखतोय, असं मानून खूश व्हायचो. पाण्याचा सांधा सुटल्यावर इतक्या वर्षांनी मला काम मिळालं होतं. त्या खुशीची आठवण आजही मला टोचते.

माझी सावली बरोबर पडते की नाही, हे पाहण्यासाठी टेबलाखाली फिल्म ठेवून चित्र घेतात. पण तेव्हा फिल्मा संपल्या होत्या आणि हैदराबादहून येणारं खोकं वाटेत अडकलं होतं. ते येईपर्यंत शेक चालू राहिला. खोकं आलं त्या दुपारी शेषेरावांनी चित्र घेतलं, ओलंच उजेडासमोर धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मणक्यांच्या शेजारी माझी सावली जिथे असायला हवी होती तिथे नव्हती. बोटभर बाहेर होती.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी चित्र पाहिलं, मला फळीवरून काढायला लावलं, उलटसुलट करून बघितलं. "ठोकळा वाकडा ओतला गेलाय," त्या म्हणाल्या. "दुसरा करून घ्यावा लागेल. तोवर शेक बंद."

तेव्हा पहिल्यांदा माझी निंदा झाली. मला राग आला, पण रागावून करणार काय? तोंड कुठे होतं? मला काढून खिडकीत ठेवलं.

शेक बंद झाला तशी गाठीला मोकळीक मिळाली. दोन दिवसांत रत्नम्मांच्या उजव्या पायाची बोटं हलेनाशी झाली. सिद्रामप्पा दारात उभे राहून डॉक्टरीणबाईंना विनवत होते. "बाई, पाय जात चाललेत तिचे. शेक चालू करा."

"सावली कुठे पडतेय ते कळल्याशिवाय मी यंत्र चालू केलं तर मूत्रपिंड जाईल," बाई म्हणाल्या. "मला दोन्हीची काळजी आहे, अप्पा." इकडे आड, तिकडे विहीर. त्यातून दिवस जात होते आणि प्रत्येक दिवस रत्नम्मांच्या पायांतून जात होता.

निरोप मिळताच वीरण्णा उदगीरहून पहिल्या गाडीने आले. येताना लाकडाचा नमुना घेऊन आले. रत्नम्मांना तपासणीसाठी त्याच खोलीत स्ट्रेचरवर आणलं होतं. सिद्रामप्पा उशाशी होते. सगळ्यांसमोर वीरण्णांनी मला नमुन्यावर ठेवलं. कडेला कड लागली. नखही शिरेना.

"बगा बाई," ते शांतपणे म्हणाले. "ओतण्यात चूक न्हाई. म्या घंटा ओततो. केसाएवढी वाकडी झाली तर ती बद्द वाजती. ह्यो ठोकळा सरळ हाय."

मग शेषेराव खाली मान घालून म्हणाले, "मग खुणाच चुकल्या असतील म्याडम. त्या माझ्या हातच्या आहेत. माझ्यामुळे आक्कांना..." ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

रत्नम्मांनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मग त्यांची नजर वीरण्णांच्या सदऱ्याच्या उघड्या गुंडीकडे गेली. तिथे दोरा दिसत होता, त्यांच्या दोऱ्यासारखाच. त्या डॉक्टरीणबाईंशी बोलल्या नाहीत. वीरण्णांना म्हणाल्या, "अण्णा, तुम्हाला तरी कळंल. त्या लेकराची काई चूक न्हाई. खुणा केल्या तवा लिंग छातीखाली होतं. मंग म्या ते दंडाला बांधलं. त्येच्यावर किरणं पडू नयेत म्हून."

आणि त्यांनी पदर बाजूला केला. डाव्या दंडावर दोऱ्याचा वळ उठला होता आणि त्याखाली चांदीची डबी होती. वीरण्णांचा हात नकळत स्वतःच्या छातीवर गेला.

सिद्रामप्पा कासावीस झाले. "अगं, मला तरी सांगायचं. कामून न्हाई बोललीस?"

"बोलले असते तर उतरव म्हणले असते," रत्नम्मा म्हणाल्या. आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "उतरवलं असतं तर म्या वाचून काय करणार होते?"

मित्रांनो, त्या क्षणी मला सगळा उलगडा झाला. मी वरून त्यांचं मूत्रपिंड राखत होतो आणि त्या खालून आपला देव राखत होत्या. दोघंही आपापल्या जागी खरे होतो. दोघांत एक शब्द झाला नव्हता, एवढ्यानेच सगळं हुकलं होतं.

डॉक्टरीणबाईंना राग आला असेल असं मला वाटलं. त्या स्ट्रेचरच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "उतरवायला मी सांगणार नाही. आम्ही विचारलं दागिन्यांचं, तुम्ही उत्तर दिलंत दागिन्यांचं. आता मला एवढंच सांगा, पालथं झोपल्यावर ते अशा कोणत्या जागी ठेवता येईल, की रोज तिथेच राहील, अंगाखाली येणार नाही आणि किरणांच्या वाटेतही येणार नाही?"

रत्नम्मांनी डोळे पुसले. थोडा विचार केला. "हातात धरलं तर चालंल का? पूजेला धरत्यात तसं. डावा हात म्होरं पसरते अन् तळहातावर ठेवते."

"हात थरथरला तर?"

"पूजेत हात हालत न्हाई, बाई," वीरण्णाच मध्ये बोलले.

मग सगळं नव्याने झालं. डावा हात पुढे पसरून, तळहातावर लिंग ठेवून रत्नम्मा पालथ्या झोपल्या. मान हाताकडे वळवलेली आणि नजर लिंगावर. तशाच अवस्थेत शिरेत पुन्हा रंगाचं औषध सोडलं, पुन्हा चित्र घेतलं आणि जुन्या रेघा पुसून नव्या ओढल्या. मला फळीवर नव्या जागी बसवलं आणि फिल्मवर माझी सावली पाहिली. मूत्रपिंड पूर्ण सावलीत होतं. शेषेरावांनी नव्या रेघा पुन्हा एकदा गडद केल्या.

त्या दिवसापासून मी जे पाहिलं, तसं पुढे कुणा रुग्णाच्या बाबतीत ऐकलं नाही. जाड दार लागलं, यंत्र घरघरू लागलं की माणसं घाबरतात, अंग चोरतात, खोकतात. रत्नम्मा हलायच्या नाहीत. तळहातावरच्या काळ्या लिंगाकडे बघत त्या अशा पडून राहायच्या, की माझ्यासारख्या शिशालाही त्यांच्या स्थिरपणाचा हेवा वाटावा. त्यांना उलट्या व्हायच्या, तोंडाला चव नसायची, पाठीची कातडी काळवंडली. आतडी आणि कातडी मला राखता येत नव्हती. माझी सावली एकाच्याच वाट्याची होती. मूत्रपिंडासाठी पाणी भरपूर प्या, असं बाईंनी सांगितलं होतं आणि गावात तर टँकरपुढे रांगा होत्या. सिद्रामप्पा कुठून कुठून गोड्या पाण्याची कळशी भरून आणायचे. त्यातलं पळीभर आधी लिंगाला आणि मग उरलेलं रत्नम्मांना.

शेक संपला त्या दिवशी त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा हलत होता. काठी धरून त्या यंत्राच्या खोलीतून चालत बाहेर पडल्या.

पण झालं ते झालं. पहिल्या दिवसांत सावलीबाहेर राहिलेल्या कडेवर जे पडलं होतं, ते परत घेता येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी ते लपवलं नाही. "मूत्रपिंडाचा काही भाग शेकला गेला आहे," त्या म्हणाल्या. "त्याचं काय होईल ते आज सांगता येत नाही. काही वर्षांनी कळेल." रत्नम्मांनी मान हलवली. "काई वर्सं दिलीत, लई झालं," असं म्हणाल्या आणि जाताना मला हात लावून तो डोळ्यांना लावला. एवढं कौतुक ना नळात असताना वाट्याला आलं होतं, ना पुढे कधी आलं.

एका माणसासाठी ओतलेला ठोकळा काम झालं की वितळवतात. शिसं पुन्हा दुसऱ्याच्या कामी येतं. माझ्या बाबतीत बाई म्हणाल्या, "गाठ परत डोकं काढू शकते. हा राहू द्या." शेषेरावांनी खिळ्याने माझ्या अंगावर 'रत्नम्मा' असं कोरलं आणि मला कपाटातल्या वरच्या फळीवर ठेवलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, की आमच्याकडे आता कुणी बघत नाही, आमच्यावर धूळ साचते. माझं उलट होतं. माझ्यावर धूळ साचत होती, तोवर रत्नम्मा बऱ्या होत्या. कपाट उघडलं की मी मनात म्हणायचो, आज माझं काम निघू नये. शेषेरावांचा हात शेजारच्या ठोकळ्याकडे गेला की हायसं वाटायचं. त्यांनी कधी मला पुसलं नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. भूकंप झाला त्या पहाटे मी फळीवरून पडलो आणि माझा कोपरा चेपला. शेषेराव धावत आले, मला उचललं, नाव वाचलं आणि काही न बोलता परत ठेवून दिलं. इतकं सगळीकडे पडलेलं असताना त्यांनी मला आधी जागेवर ठेवलं.

परवा सिद्रामप्पा आले. एकटेच. खूप वाळले होते. शेषेरावांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. सिद्रामप्पा आधी पाणी प्यायले आणि मग म्हणाले, "गेली ती. गाठ काई परत आली न्हाई. पायांनी शेवटपर्यंत चालली. मूत्रपिंड हळूहळू थकलं."

शेषेराव खाली बसले. "त्या पहिल्या दिवसांमुळे का, अप्पा?"

"बाईंना इचारलं म्या. त्या म्हणल्या, आसंल, नसंल बी. पाणी बी तसंच होतं आमचं." त्यांनी डावा तळहात उघडून पुढे धरला. "आमच्यात बसवून माती देत्यात. डाव्या तळहातावर लिंग ठिवलं. इथं धरायची ना, अगदी तसंच दिसलं मला."

बाहेर टँकरचा भोंगा वाजला. मग सिद्रामप्पांनी कपाटाकडे पाहिलं. "तिनं सांगून ठिवलं होतं. माझं नाव घातलेला ठोकळा तसाच ठिवू नका म्हणाली. कुणाच्या तरी अंगावर सावली पडू द्या."

शेषेरावांनी मला खाली काढलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच धूळ पुसली. मित्रांनो, मला रडता येत असतं तर मी रडलो असतो.

आज माझ्यावरचं नाव जाईल. कण्यात गाठ घेऊन रेणापूरचे हणमंतराव म्हणून एक गृहस्थ आले आहेत आणि मला आता त्यांच्या मापाचं व्हायचं आहे. वीरण्णांची भट्टी पेटली असेल. जाण्याआधी तुमच्याजवळ एकच मागणं आहे. दवाखान्यात गेलात, तर जिवापाड जपता ते लपवून ठेवू नका; सांगा. आणि तुमच्यातलं कुणी मोठं होऊन डॉक्टर झालं, तर समोरच्या माणसाला विचारा, आणि विचारताना त्याला भीती वाटणार नाही असं विचारा. मी कितीही जड असलो तरी मला फक्त पाठ दिसते.

आज सकाळी हणमंतरावांच्या पाठीवर रेघा ओढायच्या होत्या. शेषेराव आता दागिने काढा असं म्हणत नाहीत. त्यांनी चादर घातली, जवळ बसले आणि विचारलं, "अंगावर जपून ठेवलेलं काही आहे का? दागिना नसला तरी सांगा."

हणमंतराव जरा घुटमळले. "कमरेला ताईत हाय. मायनं बांधलेला. काढावा लागंल का?"

"नाही," शेषेराव म्हणाले. "कुठे आहे तेवढं दाखवा. रोज तिथेच असू द्या."